अवजारांचे दान

दान म्हटले की आपल्या मनापुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. महाप्रसादासाठी घातलेले पायली-दोन पायली तांदूळ, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती, शाळेच्या नव्या वर्गखोलीवर बसवलेली संगमरवरी पाटी. जुन्यांनी अन्नदान, विद्यादान सांगितले. आपल्या काळाने त्यात रक्तदान आणि नेत्रदान घातले. अवजाराचे दान मात्र या यादीत सहसा कोणी धरीत नाही. एखाद्या गरजू सुताराला कोणी रंधा घेऊन दिला, तर आपण त्याला 'मदत' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. आज मला बोलावयाचे आहे ते अवजारांच्याच दानाविषयी. आणि तीही अशी अवजारे, की जी हातात धरता येत नाहीत, पण ती नसतील तर आज मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचे पैसे चुकते करताना खोळंबा होईल आणि वाडीवरच्या शाळेची पटसंख्या तालुक्याला कळवायची राहून जाईल.

मोबाईलमधले आणि संगणकामधले सॉफ्टवेअर हे ते अवजार. त्यातला केवढा तरी भाग कोणी ना कोणी, मोबदला न घेता, साऱ्या जगाला देऊन टाकलेला आहे. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. देणाऱ्याच्या नावाची पाटी कुठे लागलेली नाही, तेव्हा ठाऊक व्हावी तरी कशी?

प्रथम, अवजार उघडे असणे आणि बंद असणे म्हणजे काय, ते पाहू. हापूस उतरवण्याचा झेला आपल्या सर्वांच्या परिचयाचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यात सुधारणा करून 'नूतन झेला' काढला. त्यात फळ देठासकट कापून जाळ्यात उतरते. त्यामुळे चीक सालीवर ओघळून डाग पडण्याचे टळते. हा झेला बागायतदाराने एकदा हातात घेऊन पाहिला, की त्यातले सारे मर्म त्याच्या डोळ्यांपुढे असते. पाते कुठे बसवले आहे, जाळे कसे अडकवले आहे, सारे उघडे. आपली कलमे बुटकी असतील तर तो काठी आखूड करील. पाते बोथट झाले तर वाडीतल्या लोहाराकडून धार लावून घेईल. कोणाला विचारायला नको.

आता सॉफ्टवेअर घ्या. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय काय करावे याची पायरी-पायरीने लिहिलेली आज्ञावली. स्वयंपाकाची कृती असते ना, तसेच. ही कृती माणूस माणसाला समजेल अशा रूपात लिहितो. मग तिचे यंत्राला समजेल अशा आकड्यांत रूपांतर होते. बऱ्याच कंपन्या आपल्याला हे दुसरेच रूप विकतात. म्हणजे आपल्या हाती तयार मोदक येतो. गोड असतो, पोटही भरते. पण उकड कशी काढली आणि सारणात काय घातले, ते सांगायचे नाही असा करार असतो. त्यांचा तो धंदा आहे, आणि धंदा करण्यात काही पाप नाही. परंतु मोदकात खडा लागला, तर तो काढण्याची सोय आपल्याला नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रॅमर होता. १९८० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेत छपाईचे एक नवे यंत्र आले. ते वारंवार अडकायचे, कागद गुंतायचा. यंत्र अडकले की माणसांना तशी सूचना मिळावी, एवढी छोटीशी सुधारणा त्याला करावयाची होती. जुन्या यंत्रात त्याने ती केलीही होती. पण नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मिळेना. ज्याच्यापाशी होती, त्याने 'कोणाला देणार नाही असा शब्द दिला आहे' म्हणून नकार दिला. स्टॉलमनला हा नकार फार लागला. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने जाहीर केले, की आपण एक संपूर्ण नवी संगणक-प्रणाली लिहिणार, आणि ती ज्याला हवी त्याला देणार, मूळ कृतीसकट. १९८९ मध्ये या देण्याला त्याने एका परवान्याचे रूप दिले. त्यातली अट मोठी गमतीची आहे. घ्या, वापरा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या, विकलीत तरी चालेल. मात्र तुम्ही पुढे द्याल तेव्हा हाच हक्क पुढच्यालाही द्यायचा. वाडीच्या विहिरीसारखे म्हणा ना! पाणी कोणीही न्यावे, पण विहिरीला कुलूप कोणी लावायचे नाही.

इंग्रजीत या प्रकाराला 'फ्री' सॉफ्टवेअर म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी तिकडे बराच घोळ झालेला आहे. कारण त्यांच्या भाषेत फुकट आणि मोकळे या दोन्हींना तोच शब्द. मराठीत ही अडचण नाही. फुकट वेगळे, मोकळे वेगळे. मोबाईलवर फुकट मिळणारी कितीतरी ॲप आपली माहिती गोळा करून आपला खर्च वसूल करतात. ती फुकट आहेत, मोकळी नव्हेत. शिक्षक मंडळींनी हा भेद मुलांना अवश्य सांगावा.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक छोटी प्रणाली लिहीत आहोत असे कळवले. तिचे नाव लिनक्स. पुढच्याच वर्षी त्याने ती स्टॉलमनच्या परवान्याखाली मोकळी केली. आज ज्या मोबाईलला आपण अँड्रॉइडचा मोबाईल म्हणतो, त्याच्या तळाशी हेच लिनक्स आहे. म्हणजे वाडीवरच्या आजीने मुंबईच्या नातवाशी बोलण्यासाठी फोन उघडला, की ती एका विद्यार्थ्याच्या छंदावर आणि त्यात भर घालणाऱ्या हजारो माणसांच्या श्रमांवर बोट ठेवीत असते. यांतल्या पुष्कळांना आता कंपन्या पगार देतात हे सांगितले पाहिजे. पण केलेले काम जाते ते सर्वांच्या विहिरीत.

आम्ही अर्थशास्त्र शिकवणारी माणसे इथे जरा थबकतो. तांदूळ दिले की देणाराच्या कणगीतले कमी होतात. जमीन दिली की सातबारा बदलतो. आज्ञावली दिली तर देणाराचे काहीच कमी होत नाही. ती त्याच्याकडेही राहते आणि घेणाराकडेही जाते. विद्येविषयी आपण हेच म्हणत आलो. पण म्हणून हे दान स्वस्तातले आहे असे समजू नये. ती लिहिताना गेलेल्या रात्री परत येत नाहीत. आणि लिहून झाल्यावरचे एक खर्चिक काम शिल्लक राहते, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

दान नेहमी आज्ञावलीच्याच रूपाने येते असेही नाही. दुकानाच्या फळीवर, रिक्षाच्या काचेवर, देवळाच्या दानपेटीजवळ तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आपण रोज पाहतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेत मजकूर फार थोडा मावे. चौकोनात उभा-आडवा दोन्हीकडे मावतो. तीन कोपऱ्यांत मोठे चौकट असतात, त्यावरून यंत्राला कोणती बाजू कुठे हे कळते, आणि थोडा भाग मळला-फाटला तरी बाकीच्यावरून मजकूर जुळतो. मासळीच्या ओल्या हाताचा बाजार त्याला चालतो तो यामुळेच. आता महत्त्वाची गोष्ट: कंपनीकडे या शोधाचे पेटंट होते, पण ठरलेल्या पद्धतीने वापरणाऱ्याकडून आपण हक्काचे पैसे मागणार नाही, असे तिने जाहीर केले. मागितले असते, तर दहा रुपयांच्या कोथिंबिरीमागेही कोणाला तरी वाटा द्यावा लागला असता. २०१६ साली आपल्याकडे यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली तेव्हा हा चौकोन तयारच होता.

आपल्या राज्यातल्या एका शिक्षकाने या चौकोनाचे निराळेच काम केले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड डकवले. मोबाईल धरला की कविता ऐकू यावी, धड्याचे चित्र हलते दिसावे, अशी सोय केली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे चौकोन छापून येऊ लागले. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ देशोदेशींच्या शिक्षकांत वाटून दिली. वर्तमानपत्रांनी बक्षिसाचा आकडा मोठ्या टाइपात छापला. मला मात्र आधीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणत्याही शाळेला पाहून करता येत होते.

माझा एक जुना विद्यार्थी, राजापूर तालुक्यातला, पुण्यात प्रोग्रॅमर आहे. गणपतीला घरी आला की भेटून जातो. त्याला रोजची टिपणे ठेवण्याची सवय आहे. साध्या शंभर पानी वहीत. आज कोणते अवजार वापरले, कुठे अडले, नवा कीबोर्ड घेतला तो कसा निघाला, अशी. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने. एकात अवजाराचे नाव, दुसऱ्यात त्यापायी आपण वर्षात काय दिले. मी विचारले, "अरे, फुकट आहे म्हणतोस, मग हा दुसरा रकाना कशाला?" तर म्हणाला, "सर, पाणपोईचं पाणी फुकटच असतं. पण रांजण कोणीतरी भरतंच की! महिन्यातून एकदा आपण चार कळशा घालाव्यात, एवढंच."

त्या वहीत पहिलेच नाव होते 'विम'. मजकूर लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे हे साधन, प्रोग्रॅमर लोकांची जणू कोयतीच म्हणा. ते केले ब्राम मोलेनार नावाच्या डच गृहस्थाने. १९९१ मध्ये लोकांना दिले. १९९४ मध्ये हा गृहस्थ आफ्रिकेतल्या युगांडा देशात किबाले या गावी गेला आणि तेथील मुलांच्या केंद्रात पाणी आणि स्वच्छतेच्या कामावर वर्षभर राहिला. त्या भागात एड्सने शेकडो घरे उजाड केली होती. आईबापांविना राहिलेली मुले आजीआजोबांच्या गळ्यात पडली होती. मोलेनार परतला तो हे मनात घेऊन. त्याने मदतीसाठी एक छोटी संस्था काढली आणि आपल्या विमच्या परवान्यात लिहिले: हवे तितके वापरा, नकला करा, फक्त, आवडले तर युगांडातील गरजू मुलांसाठी काही द्या. विम उघडले की पहिल्या पडद्यावर त्या मुलांची आठवण देणारी एक ओळ दिसे. जबरदस्ती कसलीच नाही. ओळ वाचून न वाचल्यासारखे करणारेच बहुधा अधिक असतील, मनुष्यस्वभाव आहे. तरीही त्या एका ओळीच्या बळावर वर्षानुवर्षे दूरदूरच्या लोकांचे पैसे किबालेला जात राहिले, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. मोलेनार स्वतः अधूनमधून तेथे जाऊन काम पाहून येई. ३ ऑगस्ट २०२३ रोजी तो वारला. त्याच्या सहकाऱ्यांनी विमचे काम पुढे चालू ठेवले.

मला या गोष्टीत विशेष वाटते ते असे. अवजार दिले, आणि त्याची किंमत स्वतःकडे न घेता तिसऱ्याकडे वळवली. आपल्याकडे रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांचे नाव घरोघर ठाऊक आहे. १९३१ मध्ये उघडलेले पतितपावन मंदिर उभे राहिले ते त्यांच्या पैशाने, आणि मुंबईत दादरला स्मशानभूमीसाठीही त्यांनी दिले. व्यापारात मिळवलेले असे परक्याच्या उपयोगी लावण्याची रीत कोकणाला नवी नाही. मोलेनारकडे बांधकामाचा व्यापार नव्हता. एक लिहिण्याचे हत्यार होते, एवढाच फरक.

आता आपल्या मराठीकडे वळू. १९९० च्या आणि २००० च्या दशकांत ज्यांनी संगणकावर मराठी टाइप केले, त्यांना एक प्रकार चांगला आठवत असेल. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की 'महोदय'च्या जागी चौकोन, फुल्या आणि इंग्रजी अक्षरांची भेळ! कारण प्रत्येक कंपनीने 'क'साठी आपापला वेगळा आकडा ठरवला होता. ज्याच्याकडे त्या कंपनीचा फाँट, त्यालाच पत्र वाचता येणार. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिप्यांच्या कामाला मोठी गती दिली, आणि युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेने १९९१ पासून प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा आकडा देण्यास सुरुवात केली. आकडे सर्वांना खुले. म्हणून आज खेडच्या शाळेतले पत्र सावंतवाडीला जसेच्या तसे उघडते.

पण कायमचा आकडा दिला म्हणून काम संपले असे नव्हे. 'ॲ' हे अक्षर पाहा. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲल्युमिनियम' हे शब्द आपण मराठीत अर्धचंद्राच्या अ-ने लिहितो. हिंदीवाले त्याच्या जागी दुसरी योजना करतात. युनिकोडमध्ये आरंभी या अक्षराला स्वतःची जागाच नव्हती. अ काढून त्यावर चंद्र डकवावा लागे, आणि तो काही फाँटांत धड बसत नसे. शेवटी २००८ साली त्याला स्वतंत्र आकडा मिळाला. तसाच आपला 'ऱ्य'. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना भाजी सांगायची. एका रफाराच्या आकाराने अर्थ बदलतो. हिंदीच्या सोयीने घडवलेल्या कळफलकावर हा 'ऱ' चटकन सापडत नाही, आणि कोकणातला विद्यार्थी 'दऱ्याखोर्‍यांत' लिहिण्याऐवजी काहीतरी भलतेच लिहून मोकळा होतो. अक्षरे सुबक दिसावीत म्हणून फाँट तयार करणारेही दाते आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी 'मुक्त' नावाचा देवनागरी फाँट काढून मोकळ्या परवान्याने दिला. तो कोणीही उतरवून घ्यावा, पत्रिका छापाव्यात, पुस्तके काढावीत.

मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो लिहिणाऱ्यांना कोणी मानधन देत नाही. आपल्या गावाची नदी, तिच्यावरचा पूल, गावचा शिमगा यांची नोंद तेथे नसेल किंवा चुकीची असेल, तर दुरुस्त करण्याचा हक्क सातवीच्या मुलालाही आहे. अर्थात आधार देऊन. पैसा न लागणारे असे दान शिक्षकांच्या हातचे आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

मघाशी एका खर्चिक कामाचा उल्लेख केला, तो देखभालीचा. विहीर खोदणारास लोक आठवतात. दर वैशाखात गाळ उपसणारास कोणी हार घालीत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात हे फार ठळकपणे दिसून आले ते २०१४ च्या एप्रिलमध्ये. इंटरनेटवर पैशाचे आणि परवलीच्या शब्दांचे दळणवळण गुप्त राखणारे 'ओपन-एस-एस-एल' नावाचे एक मोकळे साधन आहे. मोठमोठ्या कंपन्या ते वापरीत होत्या. त्यात एक भगदाड सापडले. 'हार्टब्लीड' असे त्याचे नाव पडले. चौकशी करता काय निघाले? साऱ्या जगाचे कुलूप सांभाळणाऱ्या या कामावर पूर्ण वेळ असलेला माणूस अवघा एक, आणि वर्षाला देणग्या येत त्या सुमारे दोन हजार डॉलरच्या. मग कंपन्या जाग्या झाल्या, निधी उभा केला.

तरी दहा वर्षांनी, २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा तसाच प्रसंग. या वेळी 'एक्स-झेड' नावाचे, मजकूर दाबून लहान करणारे साधन. ते फिनलंडमधला एक गृहस्थ बिनपगारी सांभाळीत होता, आणि थकला होता. एका अनोळखी 'मदतनिसा'ने दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, खरेच कामही करून त्याचा विश्वास मिळवला, आणि किल्ल्या हाती येताच आत चोरदरवाजा बसवला. तो उघडकीस आला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपल्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. अर्धा सेकंद! दुसरा असता तर चहा प्यायला गेला असता. हा मुळाशी गेला, आणि केवढा तरी अनर्थ टळला. मूळ आज्ञावली उघडी होती म्हणून त्याला मुळाशी जाता आले, ही त्यातली जमेची बाजू. २०२४ मध्येच बेंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने अशा मोकळ्या साधनांच्या देखभालीसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याची योजना जाहीर केली. आपल्या देशातून असे व्हावे, याचे समाधान वाटते.

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्याच वाड्यांकडे पाहू. कोकणातल्या गावाचे एक मंडळ मुंबईत असते. गिरणगावच्या खोल्यांतून चाकरमान्यांनी आणे-आणे जमवून गावात शाळा, पाखाडी, देऊळ उभे केले. मनिऑर्डरीवर येथील चुली पेटल्या. तीच मंडळे आज शाळांना संगणक देतात. समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो. जूनमध्ये पाऊस लागतो. दमट हवेने आतल्या पट्ट्यांवर बुरा चढतो, वीज कडाडून भरणा-यंत्र जळते, उंदीर वायरी कुरतडतात. गणपतीनंतर पाहावे तो चारांतले दोन बंद. दुरुस्तीला पाचशे-हजार रुपये हवे असतात, आणि ते कोणत्याच खात्यात बसत नाहीत. नव्या संगणकासाठी पन्नास हजार जमतात. जुन्याच्या दुरुस्तीला हजार जमत नाहीत. मला हे देणाऱ्यांचे अपयश वाटत नाही, देण्याच्या आपल्या कल्पनेचे वाटते. दुरुस्तीचा फोटो निघत नाही ना!

याच ठिकाणी मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रत्यक्ष उपयोग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने थांबवली. पुष्कळ शाळांतले जुने संगणक तिच्या पुढच्या आवृत्तीला लायक नाहीत. ते भंगारात घालण्याआधी त्यांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालून पाहावी. पत्रे लिहिणे, गुणपत्रके करणे यांसाठी लिबर-ऑफिस नावाचा संच मिळतो, तोही मोकळा. अडचणी नाहीत असे नाही. छपाईचे यंत्र कधी रुसते, सरकारी नमुना कधी तिरका उघडतो, आणि शिकवणारे माणूस जवळ नसते. पण केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे अशाच सॉफ्टवेअरवर चालल्या आहेत, तेव्हा हे होण्याजोगे नाही असे म्हणता येणार नाही.

देणग्या आता मोबाईलवरून जातात, म्हणून दोन शब्द सावधगिरीचे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा मदतीचा ओघ सुरू झाला तो बराचसा फोनवरूनच. अशा वेळी खऱ्या आवाहनात खोटेही मिसळते. चौकोन टिपला की पैसे कोणाला जाणार त्याचे नाव पडद्यावर येते; ते वाचून मगच पुढे जावे. संस्थेचे आवाहन असून नाव भलत्याच व्यक्तीचे आले तर थांबावे, विचारावे. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कोणाचाच नाही, आणि चांगली संस्था तो पावतीवर आपण होऊनच छापते. आणखी एक: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. "तुम्हाला देणगी पाठवतोय, तेवढा पिन टाका" असे कोणी फोनवर म्हणाले, तर पैसे येणार नसून जाणार आहेत असे खुशाल समजावे.

गावच्या मंडळांनी यंदाच्या सभेत विषयपत्रिकेवर एक लहानसा विषय घ्यावा असे सुचवतो. शाळेला जे यंत्र द्याल, त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा शाळेच्या नावे वेगळा ठेवावा, आणि वहीत त्याचे खाते 'देखभाल' या नावाने उघडावे. पंखा, पाण्याची मोटर, संगणक, सगळे त्यातच. वर्षाअखेर मुख्याध्यापकांनी मंडळाला पत्र लिहावे: इतके बंद पडले, इतके दुरुस्त झाले, इतके शिल्लक. माझ्या विद्यार्थ्याच्या मंडळाने दोन वर्षांपूर्वी असे खाते उघडले. पहिल्या वर्षी त्यातून खर्च झाला तो खिडक्यांना जाळी बसवण्यासाठी, उंदरांकरिता. आणि पावसाळ्यात संगणकावर घालायला आयाबायांनी जुन्या लुगड्यांचे अभ्रे शिवून दिले, त्यांचे पैसे कोणी घेतले नाहीत.